बारा गुलाब आणि साहेबांचा मुआयना

माझा बाप चिंताकी गावचा शेतकरी. एवढ्या एका गुन्ह्यापायी शाळेची बाग माझ्या गळ्यात पडली.

निजामाच्या राज्यातले दिवस. बीदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी शाळेत मास्तर होतो. मराठी आणि हिशेब शिकवायचो. आमचे मुख्याध्यापक हैदराबादेहून बदलून आलेले, त्यांना सगळे सदरसाहेब म्हणत. शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणं भर उन्हाळ्यातही लावलेली. एरवी बोलणं अगदी नजाकतीचं, पण चिडले की घरची दखनी बाहेर पडायची. येताना त्यांनी हैदराबादेहून गुलाबाची बारा कलमं आणली होती. बीदरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून. शाळेसमोर दोन ओळींत त्यांनी ती स्वतः उभं राहून लावून घेतली, आणि त्यानंतर दोन वर्षं त्यांना कुणी हात लावला नाही. झाडं माणसाच्या डोक्याच्या वर गेली. खाली नुसते काटे, वर शेंड्याला दोन फुलं, तीही बघायची तर मान मोडून.

एका सकाळी सदरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर शेतकी खात्याचं एक उर्दू चोपडं उघडं होतं.

"मास्टरसाब, आप काश्तकार के फर्जंद हैं," ते म्हणाले. "नाझरसाहेब बहमनच्या सुरुवातीला मुआयन्याला येणार. तेव्हा गुलाब फुललेले पाहिजेत. यात लिहिलंय, आजरमध्ये कापा, दीड महिन्यात फूल."

नाझरसाहेब म्हणजे जिल्ह्याचे शाळा तपासणारे अधिकारी, आणि मुआयना म्हणजे त्यांची तपासणी. मी म्हणालो, माझ्या बापानं जन्मात गुलाब लावला नाही. आमच्याकडं ज्वारी, तूर आणि हरभरा. सदरसाहेब म्हणाले, झाड ते झाड.

आता कापायचं कधी? शाळेचं दफ्तर चालायचं सरकारी फसली सालावर, आजर, दै, बहमन असे त्याचे महिने. माझ्या घरात बायकोचं पंचांग, त्यात त्या वर्षी अधिक महिना आलेला. तालुक्याच्या डॉक्टराकडं इंग्रजी कॅलेंडर. मी सदरसाहेबांना विचारलं, "आजर म्हणजे नेमका दसऱ्याआधी की नंतर?" ते म्हणाले, "दसरा कधी आहे?" मी म्हणालो, "यंदा उशिरा आहे." ते म्हणाले, "मग आजर लवकर आहे." या उत्तराचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी पाऊस उघडून आठेक दिवस झाले, जमीन वाळली, तेव्हा मी हत्यार शोधायला निघालो.

पहिला वार मी विळ्यानं केला. फांदी तुटायच्याऐवजी उभी चिरली. खिडकीतून सदरसाहेबांनी ते पाहिलं आणि "अरे नक्को, नक्को!" करत चपला न घालताच बाहेर आले. मग वेशीबाहेर उतरलेल्या धनगराकडून मी मेंढरं कातरायची कातर मागून आणली. लोकरीच्या तेलानं ती हातातून निसटायची, पण कापायची बरी. चोपड्यात लिहिलं होतं तसं गुडघ्याएवढं ठेवून बाराही झाडं कापली. शाळेसमोर बारा खुंट उभे राहिले.

सदरसाहेबांनी एकेक खुंट बघत फेरी मारली. मग म्हणाले, "मास्टरसाब, ये तो कत्ल है."

"साहेब, तुमीच सांगितलंव की."

"कापा म्हणालो होतो. इतकं?"

आमचा म्हातारा चपराशी बाजूलाच उभा होता. त्याला मी मामा म्हणायचो. तो हळूच म्हणाला, "साब, कापल्याबिगर फुलत न्हाई." आणि कापलेल्या सगळ्या फांद्या त्यानं न सांगता गोळा केल्या, मोळी बांधली आणि घेऊन गेला. मला वाटलं, बिचारा काट्याकुट्याचं सरपण करत असेल. काट्यांनी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. आवराआवर कुणीतरी केली याचंच मला बरं वाटलं.

गुलाब फुटले. कोवळी लालसर पानं आली, कळ्या आल्या, आणि बरोबर बहमन लागायच्या सुमाराला, थंडी पडता पडता, अशी फुलं आली की बाजारला जाणारी माणसं शाळेसमोर थांबायला लागली. सदरसाहेब रोज सकाळी कळ्या मोजायचे आणि मला आकडा सांगायचे, जणू तो हजेरीपटच होता.

आणि नाझरसाहेब आलेच नाहीत. त्यांचा दौरा पुढं ढकलल्याचा कागद आला.

बरं, फुलं तोडायचीही बंदी! साहेब कधीही येतील म्हणून एका फुलाला हात लावायचा नाही. फुलं झाडावर सुकायला लागली, पाकळ्या गळून नुसती बोंडं राहिली, तरी हुकूम कायम. सुकलेलं फूल काढलं नाही तर पुढचं येत नाही, एवढं मला एव्हाना कळायला लागलं होतं, पण ऐकतो कोण? इकडं घरी बायकोचं वेगळंच.

"बारा झाडं हायेत म्हणं तुमच्या शाळंत," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "अन् मला एक फूल न्हाई?"

"माझी न्हाईत ती. सरकारची हायेत."

"मग हात कामून फाडून घ्यायलाव तुमी? सरकारला म्हणावं तू काप."

मी भाकरी पुढं ओढली.

मग नवीन कागद आला. साहेब आता फरवरदीत येणार, म्हणजे शिवरात्रीच्या आसपास. सदरसाहेबांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "आता पुन्हा कापा. त्या वेळी फुलं येतील." मी म्हणालो, आत्ताच तर कापली. झाडाला दम घेऊ द्या. ते म्हणाले, एकदा जमलं ते दुसऱ्यांदा का नाही जमणार? मी पुन्हा कातर आणली. मामा पुन्हा मोळी बांधून घेऊन गेला. थंडीत फूट सावकाश आली, फुलं पहिल्यापेक्षा लहान आली, पण आली. साहेब आले नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं होतं.

तिसरा कागद आला तेव्हा उन्हं तापायला लागली होती. साहेब खुर्दादमध्ये येणार, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. सदरसाहेबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "साहेब, या उन्हात कापली तर मरतील."

"चोपड्यात असं कुठं लिहिलंय?"

"चोपड्यात उन्हाळ्यात कापा असं तरी कुठं लिहिलंय?"

झालं. दखनी बाहेर आली. "तुमे मेरेकू सिखाते?" आणि दुपारी मला चक्क लेखी हुकूम आला. हुकुमाच्या वहीत, शाळेच्या शिक्क्यासह, 'मुदर्रिस मजकूर यांनी गुलाबांची छाटणी ताबडतोब करावी.' मुदर्रिस मजकूर म्हणजे मी मास्तर; खाली माझी सही घेतली. नोकरीत मला पुढं पुष्कळ हुकूम आले, पण झाडं कापायचा लेखी हुकूम तो एकच. मी सही केली आणि रागारागात कापली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी बघून कापलंच नाही. जिथं कातर बसली तिथं कापलं. ती चूक हुकमाची नव्हती, माझी होती.

दोन झाडं आठ दिवसांत वरून काळी पडत पडत मुळापर्यंत गेली. बाकीच्यांवर फूल एकही नाही. मात्र काही झाडांना बुडातून लांब, हिरव्यागार, जोमदार काठ्या फुटल्या. त्या बघून मी हरखलो. म्हणालो, झाडं वाचली! रोज घागर घागर पाणी घालून मी त्या काठ्या वाढवल्या. साहेबांचा दौरा अर्थातच रद्द झाला होता.

सुट्टीत चिंताकीला गेलो तेव्हा बापाला सगळी कथा सांगितली. तो बाजेवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हरभऱ्याचे शेंडे आपुन किती बार खुडताव?"

"एकदा. लई झालं तर दोनदा."

"अन् तू वरीसभर खुडत बसलास. लेका, भाजी खायलास का पीक घ्यायलास?"

"सदरसाहेबाचा हुकूम होता, अप्पा."

"मग झाडाला दाखवायचा हुकूम." आणि तो पुन्हा दोर वळायला लागला. घरून धीर मिळेल म्हणून गेलो होतो, तिथंही हेच.

शाळा उघडली, पाऊस सुरू झाला. एका संध्याकाळी घरी आलो तर बायकोच्या अंबाड्यात गुलाब. गर्द लाल, टपोरा, आमच्या शाळेतल्या दुसऱ्या ओळीतल्या झाडाला यायचा तसाच. म्हटलं, हिनं शाळेतून तोडलं की काय? मग आठवलं, शाळेत तर फूलच नाही.

"कुठून आणलीस?"

"चपराशाच्या बायकोनं दिली. तिच्या परसात लई हायेत की. तुमाला ठावं न्हाई?"

मी जेवायलाही थांबलो नाही. तसाच मामाच्या घरी गेलो. घरामागं विहिरीचं पाणी वाहून जातं तिथं, चिखलाच्या नीटस वाफ्यात गुलाबाची झाडं. मी मोजली. एकवीस. शाळेत जिवंत होती दहा. मामा तिथंच बसून खुरपत होता. मला बघून तो दचकलासुद्धा नाही.

"हे शाळेचे गुलाब हायेत, मामा."

"फांद्या शाळेच्या. तुमी फेकलाव, मी रोवलो. धा फांद्यांतल्या तीन जगल्या."

"तरी म्हणलं, दर बारीला कापा कापा कामून म्हणायलाव तुमी!"

"पहिल्या बारीला म्हणलो. तवा कापायचंच होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या बारीला गप होतो. तिसऱ्या बारीला तर मी तिथं उभाबी राहिलो न्हाई. बघवना मला."

मग हळूहळू निघालं ते असं. मामाचा बाप एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, माळी होता. मामाची स्वतःची वीस वर्षं त्याच बागेत गेली होती. जहागीरदार वारला, बाग मोडली, तेव्हा कुठं तो शाळेत चपराशी म्हणून लागला. गुलाब कधी कापायचा, कसा कापायचा, हे त्या सगळ्या तालुक्यात कुणाला ठाऊक असेल तर त्याला. आणि तो वर्षभर माझ्यापासून चार हातांवर हातात झाडू घेऊन उभा होता.

माझा तोल सुटला. "मग सांगितला कामून न्हाईत?"

"मला कोण इचारलंय?" मामा म्हणाला. "साबानं तुमाला बोलिवला. तुमी धनगराला इचारलाव, चोपडं वाचलाव, पंचांग बघितलाव. मला झाडून घे म्हणलाव. मी झाडून घेतलो."

मी तिथंच विहिरीच्या काठावर बसलो. त्याचा राग यावा तर त्याचं बरोबर होतं, आणि बरोबर आहे म्हणावं तर बारातली दोन झाडं मेली होती. शेवटी मी म्हणालो, "आता इचारायलोय. सांगा."

तो दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याबरोबर झाडांपाशी आला आणि मी ज्या काठ्यांना घागरी घालून वाढवलं होतं त्यांच्याकडं बघून त्यानं कपाळाला हात लावला. कलमाच्या गाठीखालून फुटलेली ती जंगली फूट होती. "पानं मोजा," तो म्हणाला. "एका देठाला सात. आपल्या गुलाबाला पाच. ह्यो जंगली समदं पाणी पिऊन वरच्याला मारायलाय." चार झाडांवर वरचं कलम पार मेलं होतं, नुसतं जंगलीच उरलं होतं. मी चार महिने काट्यांना पाणी पाजत होतो.

आणि नेमके तेव्हाच नाझरसाहेब आले. भर श्रावणात. मोटार वाटेत चिखलात रुतली म्हणून बैलांच्या दमणीत बसून, गुडघ्यापर्यंत माखलेले. दोन दिवस आधी निरोप आला तेव्हा सदरसाहेबांची पळापळ बघवत नव्हती. बागेत एक फूल नाही! मामानं काही न बोलता घरून गुलाबांचा हार करून आणला. सदरसाहेबांनी तो कुठून आला हेही विचारलं नाही, साहेबांच्या गळ्यात घातला.

साहेब गोरेपान, मिशीवाले, बोलायला मऊ. हार हुंगून म्हणाले, "वाह! हे आपल्या शाळेच्याच बागेतले?"

"जी हुजूर," सदरसाहेब म्हणाले.

"चला, बघू."

मी आणि मामानं एकमेकांकडं बघितलं. सगळे बागेत गेलो. साहेब पहिल्या ओळीतून शेवटपर्यंत चालत गेले, दुसरीतून परत आले. एका जंगली काठीपाशी थांबून त्यांनी छडीनं पानं उलटी करून बघितली. त्यांना गुलाबाचं कळत होतं, हे आमचं नशीब!

"मग ही फुलं लागली कुठं?" त्यांनी विचारलं.

सदरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मामाकडं बघितलं. मामा आभाळाकडं बघत होता. पावसाची सर आली म्हणून आम्ही सुटलो. सगळे पळत आत आलो.

मुलांची परीक्षा झाली, दफ्तर तपासलं, माझ्या वर्गाचं हिशेबाचं काम त्यांना पसंत पडलं. जाताना त्यांनी शेऱ्याच्या वहीत जे लिहिलं त्यातली एक ओळ मला पाठ आहे, कारण ती सदरसाहेबांनी मला तीनदा वाचून दाखवली: 'गुलाबांकडे दुर्लक्ष झाले आहे. छाटणी वेळच्या वेळी व्हावी.'

ज्या साहेबांसाठी वर्षात तीनदा कापली, त्यांचा हा शेरा!

साहेबांची दमणी वेशीबाहेर जाते न जाते तोच सदरसाहेब म्हणाले, "मास्टरसाब, लगेच कापा. शेऱ्याची तामील झाली पाहिजे."

बाहेर पाऊस धो धो पडत होता. मी म्हणालो, "न्हाई."

"क्या?"

"न्हाई कापणार. पावसात कापलं की फांदी टोकापासून कुजत खाली येते. पाऊस उघडून जमीन वाळेपर्यंत मी कातर हातात घेणार न्हाई. तुम्ही लेखी द्या, मी त्याच्याखाली लेखीच न्हाई म्हणतो."

नोकरीत मी इतकं कधी बोललो नव्हतो. सदरसाहेबांनी खुर्चीत बसून शेरवानीचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी मामाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, बाग त्याच्याकडं द्या. यावर मात्र ते ताठ झाले. चपराशाच्या हातात बाग, आणि तीही शेऱ्यानंतर? ते होणं नाही. मग असं ठरलं, म्हणजे कुणी न ठरवता झालं, की कागदावर बाग माझ्याकडं आणि जमिनीवर मामाकडं. दफ्तराला तेवढं पुरलं.

दसऱ्यानंतर मामानं आठ दिवस पाणी तोडलं. मग बुडाशी वीतभर माती उकरून मुळं उघडी केली, चार दिवस ऊन खाऊ दिलं आणि जुनं शेणखत भरलं. मला वाटलं, आता कातर. पण आधी जंगली फूट. ती वरून कापायची नाही, गाठीपाशी माती बाजूला करून ओढून मुळासकट काढायची, नाहीतर दुप्पट येते. मग मेलेलं लाकूड, मग आत घुसणाऱ्या, एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या. उरलेल्या चार-पाच चांगल्या फांद्यांवर तो दर वेळी वाकून डोळा, म्हणजे नवी फूट येणारी जागा, शोधायचा.

"डोळा भाईरच्या अंगाला बघायला पायजे," तो म्हणायचा. "त्याच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढं सोडायचं अन् तिरपं कापायचं. पाणी डोळ्याकडं न्हाई, मागं उतरलं पायजे."

एकेका झाडाला तासभर. मी चुकीच्या ठिकाणी कातर लावली की तो माझं मनगट धरायचा, जोरात. शिक्षा झालेल्या पोरासारखं मला व्हायचं, पण करणार काय? कापलेल्या टोकांना शेणमातीचा लेप मी लावला, कारण ते काम चुकवण्यासारखं नव्हतं. जंगली झालेली चार आणि मेलेली दोन, अशा सहा जागी मामानं आपल्या परसातली सहा झाडं मातीच्या गड्ड्यासकट आणून लावली. फांद्यांची मोळी या वेळी मीच त्याच्या डोक्यावर चढवून दिली.

त्या थंडीत फुलं आली ती मी वर्णन करत बसत नाही. साहेब आले नाहीत, येणारही नव्हते. सुकलेली फुलं रोज काढायची, असं मामानं सांगितल्यावर सदरसाहेबांची बंदी आपोआप उठली, आणि ताजी फुलंही घरोघरी जायला लागली. बायको म्हणाली, "आता रोज रोज काय गुलाब? मोगरा लावा की." मी कानावर हात ठेवले.

उन्हाळ्यात सदरसाहेबांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून नजाकतीनं सांगितलं की गुलाब कधी आणि कसा छाटावा हे मी उर्दूत लिहून द्यावं, नव्या गावी उपयोगी पडेल. मी मामाजवळ बसून, तो बोलेल तसं, दोन पानं लिहिली. दाण्याएवढं अंतर, सात पानं, पाऊस उघडल्यावर, सगळं. सदरसाहेबांनी ती शांतपणे वाचली. मग लाल शाईची दौत पुढं ओढली, माझ्या उर्दूतल्या चौदा चुका काढल्या, आणि कागद परत देत म्हणाले, "इसे साफ लिख लाइये."

मी पुन्हा लिहून आणलं.